ब्लूबेरीला खरड छाटणी नको

प्रश्न : नमस्कार. आम्ही नाशिकला, म्हसरूळला राहतो. अंगणात ब्लूबेरीची तीन झाडं आहेत, दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन मागवलेली. दोन झाडांवर ‘बिलॉक्सी’ अशी जातीची चिठ्ठी होती, तिसऱ्यावर ‘ब्लूक्रॉप’. कुंड्या बारा इंची. त्यात अंगणातली काळी माती आणि गावाकडचं शेणखत निम्मं निम्मं भरलं. पाणी बोअरचं. गेल्या वर्षी बिलॉक्सीला थोडी फुलं आली, मुलांना चार-दोन फळं चाखायला मिळाली. यंदा दसऱ्यानंतर माझे सासरे, नाना, गावाहून आले. त्यांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, सगळं आयुष्य बागेत गेलं. त्यांनी कात्री घेतली आणि तिन्ही झाडांची प्रत्येक काडी डोळे मोजून छाटली. वर पेस्टही लावणार होते, ती मी कशीबशी थांबवली. आता जानेवारी आला. फुटवे निघालेत, पण फूल एकही नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नाना म्हणतात, एप्रिलला खरड छाटणी केली की झाड ताळ्यावर येईल. मला यातलं कळत नाही आणि त्यांना नको म्हणायचं धाडसही होत नाही. छाटणी नेमकी कधी आणि कशी करायची? झाडं वाचतील का?
— एक वाचक, म्हसरूळ

उत्तर : ताई, झाडं वाचतील. निदान दोन तरी. तिसऱ्याचं शेवटी बोलू.

एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे सगळ्या काड्या बुडाजवळ कापून टाकणं, मात्र होऊ देऊ नका. आणि ती का नको, हे नानांना सांगायचं तर ‘इंटरनेटवर असं लिहिलंय’ म्हणून सांगू नका. त्यांना डोळ्यांची, म्हणजे काडीवरच्या न फुटलेल्या कोंबांची, भाषा कळते, त्याच भाषेत सांगा. द्राक्षाची काडी एप्रिल छाटणीनंतर वाढते, आणि ती वाढत असतानाच तिच्यावरच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घडनिर्मिती होते. हे घड काडीवरच्या मधल्या डोळ्यांत झोपलेले असतात. म्हणून ऑक्टोबरला शेंड्याकडचा भाग काढून मालाच्या डोळ्यावर कात्री लावली की तो डोळा फुटतो आणि घड बाहेर येतो. ब्लूबेरीचं उलटं आहे. तिचा माल काडीच्या शेंड्यावर असतो. पावसाळ्यात वाढलेल्या काडीच्या टोकाकडचे पाच-सात, कधी दहापर्यंत डोळे दिवस लहान होऊ लागले आणि हवा गार झाली की फुलांचे बनतात. एकेका डोळ्यात पाच ते दहा फुलं. खालचे डोळे पानांचेच राहतात.

दसऱ्यानंतर म्हणजे नेमकं काय झालं ते आता लक्षात आलं असेल. फुलांचे डोळे बनायला लागले होते आणि नानांनी तेवढेच उतरवले. खाली उरले ते पानांचे डोळे, ते फुटले. तुम्ही ज्याला फुटवे म्हणताय ते तेच. झाडाला काही रोग नाही, छाटणीमुळे ते मरतही नाहीये. फक्त यंदाचं पीक कचऱ्याच्या टोपलीत गेलं.

हे ओळखायला नानांना दोन मिनिटं लागतील. पुढच्या नोव्हेंबरात झाडाजवळ न्या आणि काडी दाखवा. फुलाचा डोळा टपोरा, गोलसर असतो. पानाचा डोळा बारीक, टोकदार आणि काडीला चिकटलेला. डिसेंबरपर्यंत हा फरक लांबूनही दिसतो. ज्या माणसाने जन्मभर काडी तपासून छाटणी घेतली तो एकदा हे बघेल तर पुन्हा शेंडा तोडणार नाही. माझा सल्ला विचाराल तर नानांच्या हातातून कात्री काढून घेऊ नका. तुमच्या घरात छाटणीचा सराव असलेला हात तोच आहे. फक्त तारीख बदला आणि कात्री कुठे लावायची ती जागा बदला.

पेस्ट थांबवलीत ते फार बरं केलंत. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. पण तुमच्या बिलॉक्सीवर पानं आहेत, ती त्या औषधाने जळली असती, आणि फुगलेला फुलाचा डोळाही त्याने करपतो. शिवाय ते कातडीला आणि डोळ्यांना फार वाईट, आणि ते हाताळलेल्या दिवसांत दारू घेतली तर अंगावर गंभीर परिणाम होतो. वायनरींच्या गावात हे एकदा मोठ्याने सांगून ठेवलेलं बरं. तीन कुंड्यांच्या अंगणात या बाटलीचं काही काम नाही. पानगळीसाठी इथेफॉन मारायचं डोक्यात असेल तर तेही नको. नाशिकमध्ये ब्लूबेरी हिवाळ्यात पानं धरूनच राहते, आणि तीच पानं फळ पोसतात.

आता पिवळ्या पानांकडे येते. खरं दुखणं तिथे आहे.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. जुनी, खालची पानं सरसकट फिकी पडली असती तर मी नत्राचा संशय घेतला असता. पण लोह कमी पडतंय याचा अर्थ कुंडीत लोह नाही असा नाही. आपल्या काळ्या मातीत लोह आहे, ते झाडाला मिळत नाही. मातीचा सामू (पीएच; जितका कमी तितकी माती आम्ल) साडेसात-आठच्या घरात असला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं. ब्लूबेरीला साडेचार ते साडेपाच सामू लागतो. नाशिकच्या काळ्या मातीत त्याहून मोठी अडचण चुनखडीची. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर चुनखडी आहे असं समजा.

नाना विचारतील, मग द्राक्षं कशी येतात याच मातीत? बरोबर आहे त्यांचं. द्राक्षाचं मूळ मुळातच सोशिक, आणि आपल्याकडच्या बहुतेक बागा तर डॉगरिज खुंटावर कलम केलेल्या आहेत. खाली एक झाड खारं पाणी नि भारी जमीन सोसतं आणि वर दुसरं झाड माल देतं. ब्लूबेरी स्वतःच्याच मुळांवर उभी असते. तिची मुळं केसासारखी बारीक, वरच्या थरातच पसरणारी, आणि त्यांना इतर झाडांसारखे मूळरोमही नसतात. रानात ती आम्लयुक्त, सडक्या पाल्याच्या ओलसर जमिनीत वाढते आणि मुळांत राहणाऱ्या एका बुरशीच्या मदतीने खाते. तिला घट्ट चिकणमातीत घातलं की मुळं पुढे सरकतच नाहीत. बारा इंची कुंडीतून झाड उपटलंत तर माझा अंदाज आहे, मुळांचा गोळा लावला तेव्हा होता तेवढाच निघेल.

आणि शेणखत. इथे घरोघरी माझ्याशी वाद होतो. शेणखत आपल्याकडे सगळ्याचं औषध, पण या झाडाला ते मानवत नाही. त्याचा सामू वरचा आणि क्षारही भरपूर. हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९१० मध्ये आपल्या प्रयोगांचा अहवाल छापला तेव्हा हेच दाखवून दिलं होतं, की सुपीक, खत घातलेल्या बागेच्या मातीत ब्लूबेरी खुरटते आणि आम्ल मातीत फोफावते. त्याआधी लोक जंगलातून झुडपं आणून उत्तम मातीत लावत आणि ती का जगत नाहीत म्हणून डोकं धरत. पुढे न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांच्यासोबत त्यांनी निवडक झुडपांपासून लागवड उभी केली आणि १९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. म्हणजे शेती म्हणून हे फळ जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं, आणि त्याची सुरुवातच मातीचा सामू कळण्यापासून झाली.

गंधक टाकून माती सुधारू का, असं तुम्ही किंवा नाना विचाराल. द्राक्षवाल्यांच्या घरात भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक असतंच. कुंडीतल्या किंवा अंगणातल्या चुनखडीच्या मातीवर ते वाया घालवू नका. साधा हिशोब सांगते. शंभर किलो मातीत पाच टक्के चुनखडी असेल तर ती झाली पाच किलो. ती नुसती संपवायलाच दीड किलोच्या वर गंधक लागतं, आणि ती संपेपर्यंत सामू जागचा फारसा हलत नाही. गंधकाचं आम्ल व्हायला मातीतले जिवाणू लागतात, त्याला महिनोन् महिने जातात. त्यात बोअरच्या पाण्यातून रोज नवा चुना येत राहतो. अशा मातीशी झगडण्यापेक्षा ती बदललेली बरी.

तेव्हा आता, संक्रांत झाल्यावर आणि महाशिवरात्रीच्या आत, म्हणजे ऊन तापायच्या आधी, झाडं हलवा. पंधरा-वीस लिटरची कापडी ग्रो बॅग किंवा तेवढीच, खाली भरपूर भोकं असलेली कुंडी घ्या. एकदम मोठी नको, वर्ष-दोन वर्षांनी चाळीस लिटरच्या भांड्यात न्यायचं आहेच. भरायला दोन भाग कोकोपीट आणि एक भाग भाताचं तूस. तूस घोटीच्या भातगिरण्यांकडून मिळतं, परलाइटच्या मानाने फार स्वस्त पडतं आणि पाणी तुंबू देत नाही. कोकोपीट भिजवून दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात, आणि ते पाणी काढून टाका. पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं कुजलेलं शेवाळ, मिळालं आणि खिशाला परवडलं तर कोकोपीटच्या निम्म्या जागी घाला, त्याचा सामू मुळातच कमी असतो. काळी माती मूठभरही नको. ‘थोडी तरी माती हवीच की’ असं कोणीतरी म्हणेलच, त्यांना चहा द्या आणि मोकळं करा.

झाड काढताना गोळा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा आणि जुनी माती बोटांनी हलकेच सोडवा. बारीक मुळं तुटू देऊ नका, पण चिकटलेली काळी माती मात्र जमेल तेवढी निघाली पाहिजे. जेवढं आधी जमिनीत होतं तेवढंच खोल लावा, खोड पुरू नका. वर दोन-तीन इंच वाळक्या पाल्याचं किंवा नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचं आच्छादन घाला. मुळं वरच असतात, उघड्या पृष्ठभागावर एका दुपारी करपतात. कुंडीभोवती खुरप्याने उकरायची सवय असेल तर ती या झाडापुरती सोडा.

पाणी हा पुढचा मुद्दा, आणि तो माझ्या मते छाटणीपेक्षा महत्त्वाचा आहे. बोअरच्या कठीण पाण्याने आज बनवलेलं आम्ल मिश्रण काही महिन्यांत पुन्हा अल्कधर्मी होईल. तुमच्याकडे महापालिकेचा नळ असेल तर ब्लूबेरीला तेच पाणी द्या. गंगापूर धरणाचं पाणी बोअरच्या तुलनेत बरंच मऊ. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी पिंपात धरून ठेवा. आणि बोअरशिवाय इलाज नसेल तर दहा लिटरच्या बादलीत दोन-तीन ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, विरघळवून सामूच्या पट्टीने तपासा. साडेपाचच्या आसपास आलं की थांबा. प्रत्येक बोअरचं पाणी वेगळं, त्यामुळे प्रमाण तुमचं तुम्हालाच बसवावं लागेल, पण ते एकदा बसलं की पुढे रोज पट्टी लागत नाही. पाण्याचं आणि जुन्या मातीचं परीक्षण करून घ्यायची इच्छा असेल तर मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

पिवळेपणा लगेच कमी व्हावा म्हणून द्राक्षाच्या औषध दुकानातून ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह आणा, ईडीटीए नको. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोह धरून ठेवू शकत नाही. एक-दोन ग्रॅम पाण्यात विरघळवून झाड हलवल्यावर पंधरा दिवसांनी मुळाशी द्या, महिन्याने पुन्हा. पिवळी झालेली जुनी पानं कदाचित हिरवी होणार नाहीत, नव्याकडे बघा.

खताचं थोडक्यात. ब्लूबेरीला नत्र अमोनियम रूपातलं लागतं, नायट्रेट रूपातलं तिला नीट वापरता येत नाही. नानांच्या गोदामात कॅल्शियम नायट्रेट आणि १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) असणारच, त्यांना हात लावू नका. अमोनियम सल्फेट उत्तम, त्याने सामूही खाली राहतो. एका कुंडीला पाच ग्रॅम, पाण्यात विरघळवून, दर तीन-चार आठवड्यांनी, जूनपासून पुढे. आत्ता झाड हलवल्यावर महिनाभर वरचं लोह सोडून काहीच नको. स्फुरदासाठी कधीतरी चिमूटभर १२:६१:०, पालाशासाठी ०:०:५०. म्युरेट ऑफ पोटॅश नको, त्यातला क्लोराइड या मुळांना सोसत नाही. राख, अंड्याची टरफलं, हाडांचा चुरा, कोंबडीखत हे सगळं बंद. आणि बोर्डो मिश्रण उरलं म्हणून कुंडीत ओतू नका, त्यात चुना आहे.

इतकं झालं की मग कात्री.

तुम्ही यूट्यूबवर बघितलं असेल की ब्लूबेरीची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, झाड झोपेत असताना करतात. ते न्यू जर्सी, मिशिगन, इंग्लंडसाठी खरं आहे. तिथे झाड पानं गाळून थंडीत झोपतं. म्हसरूळला ते झोपत नाही. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, पण त्या चार पहाटा. दुपारी पुन्हा सत्तावीस-अठ्ठावीस. आपल्याकडे फुलं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी फळ, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. तेव्हा जानेवारीत छाटणं म्हणजे फुलं छाटणं, आणि एप्रिलची खरड म्हणजे चाळीस अंशांच्या उन्हात उघडी बोडकी काडी उभी करणं. मे महिन्यात तिची साल भाजते.

तुमची मुख्य छाटणी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून मृग लागायच्या आत उरकायची. फळं संपलेली असतात, ऊन कलायला लागलेलं असतं, आणि पुढे चार महिने वाढीचे मिळतात. पाऊस सुरू झाल्यावर छाटू नका. दमट हवेत ओल्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली वाळत जाते. कोरडी सकाळ बघा, कात्रीचं पातं स्पिरिटने पुसा, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा. काप डोळ्याच्या किंचित वर, थोडा तिरका. मोडका खुंट ठेवू नका. जखमेला काही फासायची गरज नाही.

काय काढायचं? आधी वाळलेलं आणि रोगट. मग जमिनीला टेकणाऱ्या खालच्या फांद्या, कारण पावसात त्यांच्यावर चिखल उडतो आणि पानांवर रोग धरतो. मग आगकाडीपेक्षा बारीक, झुबक्यासारख्या गुंतलेल्या काड्या. त्यांच्यावर फळ आलंच तर मण्याएवढं येतं. मग आत वळणाऱ्या, एकमेकींवर घासणाऱ्या. एवढं झालं की थांबा आणि दोन पावलं मागे जाऊन बघा. तुमच्या दोन वर्षांच्या, नुकत्याच एकदा बोडक्या झालेल्या झाडाला यंदा याहून जास्त काही नको. नानांना हे कमी वाटेल. सवयीने हात पुढे जाईल. एरवी सुद्धा एका वर्षी पाव भागाच्या वर झाड कमी करू नका.

झाड पाच-सहा वर्षांचं झालं की खरी छाटणी सुरू होते, आणि ती नानांना आवडेल. ब्लूबेरीला द्राक्षासारखं एक खोड आणि ओलांडे (तारेवर धरलेल्या आडव्या फांद्या) नसतात, बुडातून अनेक खोडं येतात. खोड चार-पाच वर्षांचं झालं की साल राखाडी, खवल्यांची होते, वर बारीक काड्यांचा पिंजारा होतो आणि फळ लहान पडतं. अशी एक-दोन खोडं दरवर्षी बुडातून काढायची आणि त्यांच्या जागी बुडातून आलेले एक-दोन जोमदार नवे कोंब धरायचे. कुंडीतल्या झाडाला वेगवेगळ्या वयाची पाच-सात खोडं पुरतात. म्हणजे झाड कधीच पूर्ण म्हातारं होत नाही आणि कधीच पूर्ण बोडकं होत नाही.

जूनच्या छाटणीनंतर बुडातून एखादा कोंब सरळ वर सुटतो, एकटाच, फांदी न फोडता. जुलैत तो गुडघ्याएवढा झाला की त्याचा शेंडा बोटांनी खुडा. दोन-तीन फुटवे येतील आणि तेवढे जास्त शेंडे फुलाला मिळतील, हेही नानांना ओळखीचं आहे. मात्र पोळ्यानंतर कात्री खुंटीला टांगा. सप्टेंबरपासून पुढे कुठलाच शेंडा खुडायचा नाही. नवरात्रात त्यांना कितीही हुरूप आला तरी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर नाना कुठेतरी वाचतील आणि मला खोटं पाडतील. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनारी वाळवंटात थंडी जवळजवळ नसते, आणि तिथे बिलॉक्सी मोठ्या प्रमाणावर लावली गेली. आपल्या मॉलमधल्या डब्यांवर त्या देशाचं नाव दिसतं ते त्यामुळेच. तिथले बागायतदार कॅलेंडर बघून झाडं चांगलीच खोलवर छाटतात, बाजारभाव चढा असेल तेव्हा माल यावा म्हणून. तर द्राक्षाच्या डोक्याने ब्लूबेरी छाटणारे जगात आहेत. पण त्यांचं झाड रोज ठिबकमधून आम्ल पाणी आणि मोजलेलं खत पितं, छाटल्यावर जोमाने उठतं, आणि पुन्हा फुलाचे डोळे बनायला पुरेसे महिने राहतील अशा बेताने ते छाटतात. पिवळ्या पानांच्या झाडावर ऑक्टोबरात तो प्रयोग करायचा नसतो.

यंदाच्या हंगामाची आशा सोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादा गुच्छ आला तर खुडून टाका. मुलं नाराज होतील, तरी खुडा. खरं तर लागवडीनंतर पहिली दोन वर्षं फुलं ठेवायचीच नसतात, झाडाची ताकद मुळांत जायला हवी. तुमच्या झाडांना मुळं करायची संधी आत्ता पहिल्यांदा मिळते आहे, तेव्हा त्यांचं पहिलं वर्ष हेच धरा. मार्च ते जून दुपारच्या उन्हापासून पन्नास टक्क्यांचं शेडनेट, सकाळचं ऊन मात्र हवं. काळी कुंडी असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा. उन्हाळ्यात रोज थोडं थोडं पाणी, आणि खालच्या ताटलीत ते साचू द्यायचं नाही.

पुढच्या हिवाळ्यात फुलं आली तर दोन्ही बिलॉक्सी शेजारी ठेवा. बिलॉक्सी एकटीही फळ धरते, पण जवळ दुसरी जात असली तर फळ मोठं येतं. या घंटेसारख्या फुलातला पराग थरथरवल्याशिवाय नीट गळत नाही. वांग्याच्या फुलावर गुणगुणत लटकणाऱ्या माश्या ते काम करतात, म्हणून अंगणात दोन वांगी असू द्या. फळ निळं दिसलं की लगेच तोडू नका. देठाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत तीन-चार दिवस थांबा, तोडल्यावर ते गोड होत नाही. तोपर्यंत जाळी लावा, नाहीतर बुलबुल थांबणार नाहीत.

राहिली तिसरी. ब्लूक्रॉप ही उत्तरेकडच्या थंड प्रदेशातली जात. तिला हिवाळ्यात साधारण शून्य ते सात अंशांच्या दरम्यानचे आठशेच्या आसपास तास लागतात, त्याशिवाय तिचे डोळे धड उघडत नाहीत. नाशिकमध्ये तेवढे तास मिळण्याची शक्यता नाही, फ्रिजमध्ये ठेवलंत तरच. बिलॉक्सी अमेरिकेच्या कृषी खात्याने १९९८ मध्ये मिसिसिपीतून काढली, ती कमी थंडीच्या दक्षिणी गटातली, म्हणून ती आपल्याकडे निभावते. चिठ्ठी खरी असेल तर ब्लूक्रॉपवर नवं कोकोपीट खर्च करू नका. चिठ्ठ्यांवर फार विश्वास ठेवावा असा आपला ऑनलाइन रोपबाजार नाही, त्यामुळे एक संधी द्यायची तर त्याच जुन्या कुंडीतली माती तेवढी बदला आणि पुढचा हिवाळा बघा. डिसेंबरअखेर शेंड्यावर टपोरा डोळा दिसला नाही तर ते झाड थंड हवेच्या गावी राहणाऱ्या कुणाला तरी देऊन टाका, आणि त्या जागी ‘मिस्टी’ किंवा ‘शार्पब्लू’ आणा. दोन्ही फ्लोरिडातल्या, कमी थंडीच्या, आणि बिलॉक्सीला परागासाठी सोबतही होतील. रोप घेताना बुडाशी दोन-तीन जिवंत कोंब आणि पिशवीत माती नसून कोकोपीट आहे एवढं बघून घ्या.